पुसता न येणारी रात्र

बाजी मरतो तो भाग आम्ही दोघांनी मिळून पाहिला, मी आणि माझा दहावीतला भाचा. ‘टोक्यो रिव्हेंजर्स’ ही अॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका त्यानेच मला आग्रहाने लावून दिली होती. भंगारातल्या गाड्यांचे ढीग, काळे आणि पांढरे गणवेश चढवून एकमेकांवर तुटून पडलेली शेकडो पोरं, आणि मधोमध रक्तबंबाळ बाजी. त्याला पाठीमागून सुरा मारलेला, तोही जुन्या मित्राने, काझुतोराने. आपण या जखमेने मेलो तर खुनाचा ठपका काझुतोरावर येईल हे बाजीला कळतं. तो स्वतःच्या हाताने स्वतःच्या पोटात सुरा खुपसतो. मग धाकटा साथीदार चिफुयू त्याला मांडीवर घेतो आणि बाजी म्हणतो की पेयांग याकिसोबा खावासा वाटतोय, अर्धा अर्धा खाऊ या. पेयांग म्हणजे गरम पाणी ओतून खायच्या झटपट नूडल्सचा डबा. एक डबा दोघांत वाटून खाणं, एवढीच त्या दोघांच्या मैत्रीची श्रीमंती.

माझे डोळे भरून आले. भाच्याने माझ्याकडे पाहिलं आणि समजूत घालत म्हणाला, “मावशी, रडू नकोस गं. टाइम लीप आहे ना. येईल तो परत.”

टाइम लीप म्हणजे काळात मागे मारलेली उडी. त्याचं बरोबर होतं. केन वाकुई यांच्या मूळ मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या शेवटी बाजी खरोखरच परत येतो. जवळजवळ सगळेच येतात. (ज्यांना मालिका अजून पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावं, कारण शेवटाबद्दल बोलल्याशिवाय माझं म्हणणं मला मांडताच येणार नाही.) पंधरा वर्षांच्या मुलाने एका मरणाकडे बघून ‘येईल तो परत’ असं सहज म्हणावं, याचं मला वाईट वाटलं. दोष त्याचा नव्हता. कथेनेच त्याला ते शिकवलं होतं. वाया गेलेल्या पोरांच्या हाणामाऱ्या दाखवणाऱ्या कथेने एक गोष्ट काही झालं तरी हातची सोडू नये: जे झालं ते मागे घेता येत नाही. ही मालिका नेमकी तीच सोडते. बाकी सगळ्या उणिवा मी माफ केल्या असत्या.

सुरुवात किती चांगली आहे ते आधी सांगायला हवं. ताकेमिची हानागाकी सव्वीस वर्षांचा आहे. भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू येईल अशा खोलीत राहतो, डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या दुकानात कामाला जातो आणि वयाने लहान असलेल्या मॅनेजरच्या शिव्या खातो. त्याच्या तोंडात कायम एकच शब्द असतो, माफ करा. चूक असो नसो, मान खाली घालून माफ करा. शाळेत असताना एकदा टोळीतल्या मोठ्या पोरांकडून मार खाल्ला, घाबरून पळाला आणि तेव्हापासून तो आयुष्यभर पळतच राहिला. एक दिवस बातम्यांत कळतं की शाळेत असताना जिच्याशी त्याचं जमलं होतं ती हिनाता आणि तिचा भाऊ नाओतो, दोघेही ‘टोक्यो मांजी’ टोळीच्या भांडणात मारले गेले. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर त्याला कोणीतरी रुळांवर ढकलतं, आणि तो बरोबर बारा वर्षं मागे जाऊन पडतो, 2005 च्या जुलैमध्ये. तिथे तो लहानग्या नाओतोला सावध करतो, त्यामुळे नाओतो वाचतो. पुढे नाओतोशी हात मिळवला की तो या काळातून त्या काळात जाऊ शकतो. कथेतली अद्भुत शक्ती ती एवढीच.

या मांडणीत मला एक फार खरा माणूस दिसला होता. पस्तावा हा तिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचा रोग आहे, आणि ताकेमिची त्या रोगाने आतून पोखरलेला आहे. दुसऱ्याच भागात मुलांच्या पैजा लावून लढती होतात, तिथे कियोमासा नावाचा दांडगट त्याला तुडवतो. ताकेमिचीला मारामारी येत नाही. तो फक्त पडून राहायला नकार देतो. नाक फुटलेलं, डोळा सुजलेला, तरी उठतो. मी टोळीयुद्धांच्या कथा थोड्याफार वाचल्यात, पण हरणाऱ्या, भेदरलेल्या, घळाघळा रडणाऱ्या पोराला मध्यभागी उभं करण्याची ही हिंमत क्वचितच दिसते. 2020 मध्ये या मांगाला कोदान्शा मांगा पुरस्काराचा शोनेन, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीच्या विभागातला मान मिळाला, तो उगाच नव्हे.

2021 च्या एप्रिलमध्ये लिडन फिल्म्सने अॅनिमे आणली, चोवीस भागांची. चित्रणाबद्दल मी फार बोलणार नाही. ऐन मारामारीत चित्र गोठतं, कॅमेरा स्थिर चित्रावरून सरकत राहतो, ठोसा बसल्याचा आवाज येतो पण अंगाला वजन जाणवत नाही. पहिल्या पर्वाचा शेवटही कथा ऐन टोकावर आणून तोडलेला, पुढचं पर्व थेट 2023 च्या जानेवारीत. चाहते यावरच जास्त चिडले. मला वाटतं त्यांनी चुकीच्या जागी राग काढला. चित्रं सुंदर असती तरी ही निराशा टळली नसती, कारण ती कथेच्या पायातच आहे.

पाया म्हणजे ती वेळेची उडी. ताकेमिची भूतकाळात जातो, एक मरण टाळतो, वर्तमानात येतो तर तिथे नवीनच अनर्थ उभा. पुन्हा मागे. पहिल्यांदा धक्का बसतो, दुसऱ्यांदा हुरहुर लागते. चौथ्या-पाचव्या वेळी बघणाऱ्याचं मन हिशोब करू लागतं: ठीक आहे, हे भविष्य बिघडलं, आता दुरुस्त करायला जाईल. गणितात चुकलेली पायरी खोडून पुन्हा लिहावी तसं. एकदा मरण हे खोडायचं गणित झालं, की सुरा, लोखंडी गज, बेसबॉलची बॅट यांपैकी कशाचीच भीती उरत नाही. भीती गेली की उरतो तो निव्वळ रुबाब. काळा पोशाख, सोनेरी भरतकाम, मोटरसायकलचा आवाज, रांगेत उभी पोरं. वीस भाग पाहिल्यावर मुलाच्या मनात काय राहतं? तो पोशाख राहतो.

याच मालिकेत एक प्रसंग असा आहे की तो पाहताना मी श्वास रोखून बसले होते. साल 2003. बाजी आणि काझुतोरा जेमतेम बारा-तेरा वर्षांचे. मायकीचा, म्हणजे त्यांच्या टोळीच्या म्होरक्याचा, वाढदिवस जवळ आलेला. मायकीला एक मोटरसायकल फार आवडते, तर तीच भेट द्यायची, पैसे नाहीत तर चोरून द्यायची, असा त्या दोन पोरांचा बेत. रात्री ते दुकान फोडून आत शिरतात. चाहूल लागून मालक येतो. तो बाजीला ओळखतो, आणि बाजीही त्याला: हा तर मायकीचा मोठा भाऊ, शिनइचिरो! दुकान त्याचं आहे हे दोघांना ठाऊकच नव्हतं. बाजी काही बोलणार एवढ्यात मागून काझुतोरा त्या माणसाच्या डोक्यात साखळी कापायचं अवजड कटर घालतो. शिनइचिरो जागीच कोसळतो. पोलिसांच्या गाड्या येतात, गर्दीत मायकी येऊन उभा राहतो, आणि बाजी रडत रडत त्याची माफी मागत राहतो.

काझुतोराला दुष्ट करून दाखवलेलं नाही. घरी बाप मारणारा, बाहेर मित्र हेच सर्वस्व, आणि मित्राला खूष करायच्या नादात त्याच्याच भावाचा जीव घेतलेला. हे ओझं त्या वयाला पेलणार कसं? त्याच्या मनाने वाट काढली: दोष मायकीचा. मायकीसाठीच तर आपण हे केलं! हा भयंकर, वेडावाकडा तर्क मला शंभर टक्के खरा वाटला. गुन्हा केलेल्या मुलांशी जे कधी बोललेत त्यांना ठाऊक असेल, स्वतःकडे बघणं असह्य झालं की मन दुसरा कोणीतरी अपराधी शोधतंच. मालिका इथे एका फार मोठ्या सत्याजवळ पोचली होती. शेवटी तिने काय केलं? 2022 च्या नोव्हेंबरमध्ये मांगा संपला तेव्हा ताकेमिची आणि मायकी थेट 1998 मध्ये, लहानपणात जाऊन पोचतात आणि सगळंच नव्याने घडवतात. ती रात्र येतच नाही. शिनइचिरो जिवंत, बाजी जिवंत, काझुतोराच्या हातून काहीच घडलेलं नाही, आणि शेवटी ताकेमिची-हिनाताचं लग्न.

कोणी म्हणेल, अद्भुत कथेत मेलेली माणसं परत येतातच, यात नवीन काय? खरं आहे. पण परत कशी येतात यात फरक असतो. योशिहिरो तोगाशी यांची ‘यू यू हाकुशो’ 1990 मध्ये सुरू झाली, दोन वर्षांनी तिची अॅनिमे आली. तिचा नायक युसुके हाही चौदा वर्षांचा वाया गेलेला पोरगा. शाळा बुडवणारा, मारामाऱ्या करणारा. सुरुवातीलाच एका लहानग्याला वाचवताना गाडीखाली येतो आणि मरतो. मग त्याचा आत्मा स्वतःच्या घरी, स्वतःच्याच मृत्यूनंतरच्या जागरणाला जातो. तिथे त्याची आई भिंतीला टेकून शून्यात बघत बसलेली. ज्याच्याशी रोज मारामारी व्हायची तो कुवाबारा धिंगाणा घालत आत शिरतो, लोक त्याला आवरतात आणि तो ओरडतो की आता मी भांडू कोणाशी? वाचलेलं लेकरू आईचं बोट धरून येतं, त्याला काय झालंय हेही नीट कळत नाही. युसुके हे सगळं बघतो. आपण गेल्याने कोणाचं काय गेलं हे त्या पोराला आयुष्यात पहिल्यांदाच कळतं. परत यायची संधी तो त्यानंतर स्वीकारतो. आधी किंमत दिसते, मग शक्ती येते. पुढे युसुके अनेकदा जिंकतो, पण ते जागरण कथेतून कोणी काढून घेत नाही.

कात्सुहिरो ओतोमो यांच्या 1988 च्या ‘अकिरा’ चित्रपटात तर मोटरसायकलवरच्या टोळीतल्या तेत्सुओला अचाट शक्ती मिळते आणि ती त्याची जुनी सल, मित्रापुढे कायम खुजं वाटण्याची, आभाळाएवढी करून ठेवते. शक्ती जखमेवर पडदा टाकत नाही, तिला मोठं करून दाखवते. ‘टोक्यो रिव्हेंजर्स’मध्ये शक्ती खोडरबर झाली.

दुसरी तक्रार किसाकीबद्दल. किसाकी तेत्ता हा कथेतला खलनायक, अतिशय हुशार मुलगा. प्रत्येक अनर्थामागे त्याचीच चाल निघते, आणि तिसऱ्या पर्वात कळतं की या सगळ्याच्या मुळाशी हिनातावरचं त्याचं एकतर्फी प्रेम होतं. म्हणजे टोळ्या का होतात, चौदा वर्षांचं पोर सुरा का उचलतं, याचं उत्तर काय तर एक कारस्थानी मुलगा. तो नसता तर सगळं गोड झालं असतं! त्याचं मरणही ट्रकखाली, म्हणजे त्याच्याशी निकराने बोलायची गरजच संपली.

जपानमधला खरा इतिहास इतका सोपा नाही. रस्त्यावर मोटरसायकली घेऊन धुमाकूळ घालणाऱ्या या टोळ्यांना तिथे ‘बोसोझोकू’ म्हणतात. सत्तरच्या दशकात त्या इतक्या वाढल्या की 1978 मध्ये वाहतूक कायदा बदलून समूहाने धोकादायक गाड्या चालवणं हा गुन्हा ठरवावा लागला. तरी 1982 मध्ये पोलिसांच्या मोजणीत त्यांची संख्या 42 हजारांवर गेली होती. ही 42 हजार पोरं कोणा एका किसाकीने घडवलेली नव्हती. परीक्षांच्या शर्यतीतून बाहेर फेकली गेलेली, शाळा अर्ध्यावर सोडून कामाला लागलेली पुष्कळ होती, आणि कुठेतरी आपलं नाव असावं म्हणून ती आपलं नाव पाठीवर भरतकाम करून मिरवत होती. त्यांच्या लांब कोटाला ‘तोक्कोफुकू’ म्हणत. युद्धातल्या आत्मघातकी पथकांच्या नावावरून आलेला हा शब्द. मालिकेतली मुलं तोच पोशाख घालतात, पण तो अंगावर का आला हे कोणी विचारत नाही. मायकीचा उजवा हात ड्राकेन वेश्यावस्तीतल्या एका खोलीत वाढलाय हे आपल्याला दाखवतात आणि लगेच पुढे जातात. मोठी माणसं तर जणू या शहरात राहतच नाहीत. ना शिक्षक, ना शेजारी. आणि ही माध्यमिक शाळेतली मुलं आहेत हो, बहुतेक कॉलेजातलीही नाहीत! चौदा-पंधरा वर्षांची.

मुलींचं काय केलं ते बघून तर मला संताप आला. सुरुवातीला हिनाता काय उठून दिसते! मायकी आणि ड्राकेन ताकेमिचीला शाळेतून घेऊन चाललेत, हिनाताला वाटतं ते त्याला छळायला नेतायत. अख्खी शाळा भीतीने भिंतीला चिकटलेली असताना ही मुलगी पुढे होते आणि टोळीच्या म्होरक्याच्या कानाखाली वाजवते. हात थरथरत असतो, पण ताकेमिचीचा हात सोडत नाही. कियोमासापुढे उभा राहणारा ताकेमिची आणि मायकीपुढे उभी राहणारी हिनाता, दोघांची हिंमत एकाच जातीची आहे. पुढे तिच्या वाट्याला काय येतं? एका भविष्यात मरणं, मग दुसऱ्या भविष्यात मरणं. तिने जगून काय करायचं होतं, काय शिकायचं होतं, हे कळायची सोयच नाही. मायकीची बहीण एमा तर धावत्या मोटरसायकलवरून मारलेल्या बॅटच्या एका फटक्याने संपते, मुलांनी आणखी चवताळून लढावं म्हणून.

आता मांजीबद्दल. टोळीच्या नावात आणि झेंड्यावर ‘मांजी’ आहे, म्हणजे आपलं स्वस्तिक. मायकीचं खरं नाव मांजिरो, त्यावरून टोळीचं नाव ‘टोक्यो मांजी’. जपानच्या नकाशांवर बौद्ध मंदिराची खूण म्हणून हेच चिन्ह छापतात. 2016 मध्ये परदेशी पाहुण्यांच्या नकाशांतून ते बदलावं अशी सूचना आली तेव्हा जपानमध्ये मोठी चर्चा झाली. अॅनिमे परदेशात दाखवताना मात्र हे चिन्ह काढून टाकलं. कुठे चित्र कापलं, कुठे पांढऱ्या उजेडाचा झोत मारला. नाझींनी वापरलेल्या आकृतीने ज्यांची कुटुंबं उद्ध्वस्त केली त्यांना ती दिसताच काय होत असेल, याची मला जाणीव आहे आणि त्या दुःखापुढे मी हुज्जत घालणार नाही. पण पडद्यावर आधी चार ओळी लिहिता आल्या असत्या: हे चिन्ह काय, कुठून आलं, जपानमध्ये त्याचा अर्थ काय. आमच्याकडे उंबऱ्यावर रोज रांगोळीने काढतात, दिवाळीत चोपडीच्या पहिल्या पानावर कुंकवाने काढतात. माझ्या भाच्याला त्या उजेडाच्या झोतामागे काय आहे हेच कळत नव्हतं. मी सांगितल्यावर म्हणाला, “एवढंच? मग लपवलं का?” अवघड गोष्ट समजावून सांगायचे कष्ट घेण्यापेक्षा ती पुसून टाकणं सोपं असतं. कथेनेही तेच केलं, वितरकांनीही तेच केलं.

हे सगळं मी इतकं जीव तोडून का लिहितेय, असं कोणी विचारेल. एक कार्टून, पोरांनी बघितलं आणि विसरली! मालिका बघून पोरं बिघडतात असं मी म्हणत नाही, तसं मला वाटतही नाही. पण पुण्यात 2022-23 च्या सुमारास कोयते नाचवत दुकानं फोडणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या आठवा. धरलेल्यांत मिसरूडही न फुटलेली पोरं असायची. कोयता हातात घेऊन काढलेले व्हिडिओ, ‘भाई’ म्हणवून घ्यायची हौस. त्या मुलांनी काही टोक्यो पाहिलं नसेल. पण पोशाख, नाव, मागे उभी राहणारी दहा पोरं, यांची ओढ तीच आहे. अशा वयाच्या मुलाला कथा एकच गोष्ट देऊ शकते, जी बाप किंवा पोलीस देऊ शकत नाहीत: हात उचलायच्या आधी, त्यानंतरचा दिवस कसा असेल ते आतून दाखवणं. निरीक्षणगृहातली सकाळ. आईने वकिलासाठी मोडलेलं मंगळसूत्र. समोरच्या घरातला फोटोला घातलेला हार. 2015 च्या बाल न्याय कायद्याने सोळा वर्षांपुढच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालू शकतो, पण हे कलम त्या पोराला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. कथा वेळेत कळू शकते.

आणि ‘टोक्यो रिव्हेंजर्स’कडे ती कथा होती. म्हणूनच माझा जीव तिळतिळ तुटतो. बाजी गेल्यावर ड्राकेन काझुतोराला भेटायला जातो. दोघांच्या मध्ये काच. ड्राकेन मायकीचा निरोप देतो: तुला माफ केलं, तू आमचाच आहेस. काझुतोरा रडतो. इथे कोणी काळात उडी मारत नाही, कोणी कोणाला परत आणत नाही. एक मुलगा दुसऱ्या मुलाला माफ करतो, आणि तरीही त्या मुलाला आतच राहावं लागतं.

ते दृश्य मी भाच्याला मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितलं. आम्ही दोघांनी गुपचूप पाहिलं. संपल्यावर त्याने रिमोट मांडीवर ठेवला आणि म्हणाला, “मायकीने माफ केलं. पण त्याचा दादा तर गेलाच ना, मावशी?”

मी म्हटलं, “हो रे, गेलाच.”

पुढचा भाग त्या दिवशी आम्ही लावला नाही.